मावशी येतात, पण काम कोण पाहते?

शुश्रूषा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अंथरुणाला खिळलेल्या किंवा परावलंबी झालेल्या माणसाची अंघोळ, कपडे, जेवण, लघवी-संडास ही कामे पगारी माणसाकडे सोपवल्यावर ती नीट होतात की नाही, या काळजीतून आलेली पाच पत्रे या वेळी निवडली आहेत. ती थोडी आखडली आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात होऊन त्यांची उजवी बाजू लुळी पडली. ते आणि आई जुळे सोलापूरला राहतात, मी पुण्यात नोकरी करते. एका ब्यूरोकडून दिवसपाळीला मामा येतात. ब्यूरोने ‘ट्रेंड माणूस’ असे सांगून प्रमाणपत्राची झेरॉक्स दिली आहे. गेल्या पंधरवड्यात वडिलांच्या माकडहाडावर लाल चट्टा उठला आहे. मामा म्हणतात, उन्हाळ्याचे घामोळे आहे, आणि रोज तेल लावून चोळतात. हवेची गादीही घेतली आहे. जेवताना वडिलांना हल्ली ठसका लागतो. आई काही विचारायला कचरते, कारण हा माणूस सोडून गेला तर दुसरा मिळेल याची खात्री नाही. इतक्या लांबून काम चांगले चालले आहे की नाही हे मी कसे ओळखावे?

उत्तर : सर्वांत आधी ते चोळणे आजच थांबवा. आईंना फोन करून सांगा की चट्ट्यावर बोट दोन-तीन सेकंद दाबून उचलावे. दाबलेली जागा क्षणभर फिकी पडून पुन्हा लाल झाली तर तेथील रक्तपुरवठा अजून शाबूत आहे आणि भार काढल्यास ती पूर्ववत होऊ शकते. बोट उचलल्यावरही ती तशीच लाल राहिली तर ती शय्याव्रणाची, म्हणजे बेडसोअरची, पहिली पायरी आहे, आणि कातडी फाटलेली नसली तरी डॉक्टरांना दाखवायला हवी. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम, टणक किंवा जांभळट आहे का हेही पाहावे. घामोळे बारीक पुटकुळ्यांचे असते आणि पसरलेले असते. नेमका हाडाच्या टोकावर एकच चट्टा असेल तर त्याला घामोळे म्हणून सोडून देता येणार नाही. चोळल्याने भाराखाली दबलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आणखी दुखावतात. मामांचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. आपल्याकडे तेल चोळणे हा बहुतेक दुखण्यांवरचा पहिला इलाज असतो, आणि नेमका येथे तो अपाय करतो.

हवेची गादी भार विभागते, पण कूस बदलण्याचे काम ती करत नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, आणि ती बदलताना माणसाला पूर्ण आडवे वळवून खुब्याच्या हाडावर भार टाकण्याऐवजी पाठीमागे उशी लावून तीसेक अंश कलते ठेवावे. पोटऱ्यांखाली उशी अशी द्यावी की टाचा अधांतरी राहतील. बसण्यासाठी किंवा माकडहाडाखाली देण्यासाठी औषधांच्या दुकानात जी गोल रबरी रिंग मिळते ती घेऊ नये, कारण तिच्या कडेचा दाब मधल्या जागेचा रक्तपुरवठा उलट कमी करतो. सोलापूरच्या घरांत मी आणखी एक गोष्ट पाहिली आहे. चादरींना आपल्याकडे तोटा नाही, त्यामुळे रुग्णाला मऊ लागावे म्हणून हवेच्या गादीवर दुहेरी सोलापुरी चादर, तिच्यावर मेणकापड आणि त्यावर पुन्हा एक चादर असे थर चढवले जातात. एवढ्या थरांखाली त्या गादीचा काही उपयोग राहत नाही, आणि पारा चाळिशीपार गेलेल्या दिवसांत मेणकापडावर घाम साचून कातडी भिजत राहते व सरकवताना सोलवटते. अंगाखाली सुरकुती नसलेली एकच पातळ सुती चादर आणि गरज असेल तर कमरेपुरते अंडरपॅड पुरे. जाड चादर पांघरायला ठेवावी.

मामांना दोष देण्याआधी माझीही एक चूक सांगते. शुश्रूषेचे शिक्षण घेऊन आयुष्यभर तेच काम केलेली मी, माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात तिची पाठ रोज न चुकता पाहत होते, पण तिच्या पायांत मोजे असायचे. एके दिवशी मोजा काढला तेव्हा डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळा फोड होता. डोक्याचा मागचा भाग, खांद्याचे फरे, कोपरे, माकडहाड, खुबे, घोटे आणि टाचा, एवढ्या जागा रोज एकदा उघड्या करून उजेडात पाहिल्याच पाहिजेत.

आता प्रमाणपत्राविषयी. ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ किंवा ‘होम हेल्थ एड’ हे काही महिन्यांचे कौशल्य-अभ्यासक्रम असतात. एएनएम आणि जीएनएम हे परिचारिकेचे शिक्षण असून त्यांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. तुमच्या वडिलांच्या रोजच्या कामांसाठी पहिल्या प्रकारचा शिकलेला माणूस पुरेसा आहे. मात्र ब्यूरो ‘नर्स’ म्हणून पैसे लावत असेल तर नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. झेरॉक्सवरून माणूस वर्गात बसला होता एवढेच कळते. त्याचे हात काय शिकले आहेत हे कळण्यासाठी शर्ट घालताना पाहावे. तुमच्या वडिलांची उजवी बाजू लुळी आहे. तेव्हा बाहीत आधी उजवा हात जायला हवा आणि मग डावा, आणि काढताना आधी डावा हात मोकळा करून मग उजवा. ज्याला हे कोणी शिकवले आहे त्याच्याकडून ते आपोआप होते. न शिकलेला माणूस धडधाकट हात आधी घालतो आणि मग लुळा हात मागे ओढत बसतो. पक्षाघातात खांद्याचे स्नायू सैल पडलेले असल्याने अशा ओढण्याने किंवा काखेत हात घालून उचलल्याने सांधा निखळू शकतो, आणि ज्याला नीट बोलता येत नाही तो कोठे दुखते हेही सांगू शकत नाही. चालवताना मामा उजव्या बाजूला, म्हणजे लुळ्या बाजूला, उभे राहतात का हेही आईंना विचारा.

ठसक्याकडे दुर्लक्ष करू नका. पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया बिघडते आणि घास किंवा पाणी श्वासनलिकेत उतरून फुप्फुसांत संसर्ग होतो. जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर येत असेल किंवा अधूनमधून ताप येत असेल तर विशेष सावध राहावे. गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, तो गिळल्याची खात्री करूनच पुढचा, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास बसते ठेवणे, एवढे पाळावे. सोलापूरकराच्या ताटातून शेंगाचटणी काढणे हा अन्याय आहे हे मला मान्य आहे, पण कोरडी, भुरभुरीत चटणी आणि कडक भाकरी हे या अवस्थेतील सर्वांत वाईट घास आहेत. भाकरी दुधात किंवा आमटीत पूर्ण भिजवून, एकजीव कुस्करून द्यावी. पातळ पाण्याने दाट पदार्थापेक्षा अधिक ठसका लागतो, हे अनेकांना उलटे वाटते.

लांबून लक्ष ठेवण्यासाठी खाटेजवळ एक वही टांगून ठेवावी. कूस कितीला आणि कोणत्या बाजूला बदलली, काय व किती खाल्ले, लघवी-संडास, कातडी कशी दिसली, औषध दिले का, एवढ्या नोंदी पुरे. आईंनी रोज रात्री पानाचा फोटो तुम्हाला पाठवावा. १०, १२, २, ४ अशा घड्याळी नोंदी एकाच शाईत, एकाच दमात लिहिलेल्या दिसल्या तर त्या संध्याकाळी घरी जाताना भरलेल्या आहेत असे समजावे. खऱ्या नोंदी १०.१०, १२.२५ अशाच असतात. आईंनी आठवड्यातून दोनदा अंघोळीच्या वेळी टॉवेल देण्याच्या निमित्ताने तेथेच थांबावे. यात अविश्वास दाखवण्याचा प्रश्नच येत नाही. काम जाणणाऱ्या माणसाला पाहणारे कोणी असले तर बरेच वाटते.

माणूस सोडून जाण्याच्या भीतीवर उपाय ब्यूरोशी होणाऱ्या लेखी करारात आहे. बदली माणूस किती तासांत मिळेल, कोणती कामे ठरली आहेत आणि तक्रार कोणाकडे करायची, हे त्यात असावे आणि पैसे पावती घेऊनच द्यावेत. ब्यूरोने पैसे घेऊन पुरवलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कक्षेत येते. सदोष सेवेबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मात्र तुम्ही स्वतः पगारावर नेमलेला माणूस या व्याख्येत बसत नाही, कारण मालक-नोकर नात्यातील वैयक्तिक सेवा कायद्याने वगळलेली आहे. ब्यूरो टाळून ‘डायरेक्ट’ माणूस ठेवणाऱ्यांच्या हे ध्यानात नसते.

प्रश्न : आजीच्या खोलीत कॅमेरा बसवावा का?

उत्तर : बसवायचा असेल तर आजींना आणि मावशींना सांगून बसवा, आणि अंघोळ, कपडे बदलणे, डायपर बदलणे चित्रित होणार नाही अशा बेताने त्याचे तोंड ठेवा. ज्यांची विटंबना होऊ नये म्हणून कॅमेरा आणला, त्यांचीच उघडी छायाचित्रे चार मोबाइलांवर जाणे बरे नव्हे. कॅमेऱ्याला मारहाण दिसते. चादरीखालची कातडी दिसत नाही.

प्रश्न : आम्ही अक्कलकोट रोडला राहतो. सासऱ्यांना प्रोस्टेटच्या त्रासामुळे लघवीची नळी कायमची ठेवली आहे. मावशी म्हणतात, ‘दवाखान्यात कशाला जाता, नळी मीच बदलते, निम्म्या पैशात होईल.’ त्यांना तो अनुभवही आहे. हे चालेल का?

उत्तर : चालणार नाही. नळी घालताना जंतू आत जाण्याचा आणि मूत्रमार्गाला इजा होण्याचा धोका असतो. नळीचा फुगा मूत्राशयात पोहोचण्याआधीच मूत्रमार्गात फुगवला गेला तर रक्तस्राव होतो. हे काम डॉक्टरांचे किंवा नोंदणीकृत परिचारिकेचे आहे. नळी कोणत्या पदार्थाची आहे त्यावर ती बदलण्याची मुदत ठरते, तेव्हा पुढची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मावशींचे काम नळीच्या बाहेरचे आहे आणि तेही कमी महत्त्वाचे नाही. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये. खाटेच्या कडेला अडकवावी. कूस बदलताना पिशवी रुग्णाच्या अंगावर ठेवण्याची सवय अनेकांना असते, त्यामुळे पिशवीतील लघवी उलट आत जाते. दोन-तृतीयांश भरली की ती रिकामी करावी, आणि नळी मांडीला चिकटपट्टीने सैलसर बांधावी म्हणजे ओढ बसत नाही. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नसल्याने सगळे घर पिंपावर चालते. पण पिंपात किंवा बादलीत हात बुडवून धुणे हे हात धुणे नव्हे. दुसऱ्याने तांब्याने धार धरावी किंवा पिंपाला तोटी बसवून घ्यावी, आणि पिशवीला हात लावण्याआधी व नंतर साबणाने हात धुवावेत. एक गोष्ट संकोचामुळे कोणी सांगत नाही, म्हणून येथे लिहिते : पुरुष रुग्णाची सफाई करताना शिस्नाग्रावरची त्वचा मागे सारली असेल तर ती आठवणीने पुन्हा पुढे आणावी, अन्यथा ती मागेच अडकून सूज येते आणि तातडीने रुग्णालय गाठावे लागते. लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, ओटीपोट फुगणे किंवा काही तास पिशवीत थेंबही न येणे, यांपैकी काहीही दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

प्रश्न : मी ७९ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. पत्नीला चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. तिचे माहेर अक्कलकोट तालुक्यातले, माहेरची भाषा कन्नड. पन्नास वर्षे ती माझ्याशी मराठी बोलली. आता वर्षभरापासून केवळ कन्नड बोलते. मावशी मनाने चांगल्या आहेत, पण न्हाणीघरात नेले की पत्नी किंचाळते, ओरबाडते, म्हणून त्या ओढणीने तिची मनगटे खुर्चीला बांधतात. परवा तिच्या मनगटांवर वळ दिसले. मला ते पाहवले नाही. पण दुसरा मार्गही सुचत नाही.

उत्तर : सर, बांधणे आजपासून पूर्ण बंद करावे. बांधलेले माणूस सुटण्याच्या धडपडीत खुर्चीसकट पडते, आणि पुढच्या वेळी न्हाणीघराचे दार दिसताच त्याला आधीपेक्षा अधिक भीती वाटते. आपण ज्याला उपाय समजत आहात तोच आजार वाढवत आहे.

हा विरोध अलीकडे एकदम वाढला असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दाढदुखी, सांध्यांचे दुखणे हे ज्यांना शब्दांत सांगता येत नाही, ते असे अंगाने सांगतात. त्यानंतर भाषेकडे पाहावे. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी निसटणे आणि लहानपणची भाषा मागे उरणे हे अनेकदा आढळते. आपल्या पत्नींच्या जागी राहून पाहा : एक अनोळखी बाई न कळणाऱ्या भाषेत काही बोलत आपले लुगडे सोडत आहे. किंचाळणार नाही तर काय करणार? सोलापुरात कन्नड बोलणारी मावशी मिळणे अवघड नाही; ब्यूरोकडे मागताना वय आणि अनुभव यांच्याआधी भाषा सांगा. तोवर सध्याच्या मावशींना चार शब्द शिकवता येतील : ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘बिसी नीरु’ म्हणजे गरम पाणी, ‘नोवु’ म्हणजे दुखणे. आणि पत्नी ‘बेड’ म्हणाल्या तर त्याचा अर्थ ‘नको’. तो शब्द ऐकल्यावर हात थांबला पाहिजे.

रोज डोक्यावरून अंघोळ झालीच पाहिजे असा आग्रह सोडावा. एक दिवसाआड अंघोळ आणि मधल्या दिवशी ओल्या पंचाने तोंड, काखा, स्तनांखालची जागा, जांघा पुसून कोरड्या केल्या तरी चालते. नाजूक जागेची सफाई मात्र रोज आणि पुढून मागे या दिशेनेच करावी. बादलीत आधी गार पाणी आणि मग कढत पाणी मिसळावे, आणि कोपर बुडवून पाहावे. तळहाताला घरकामाने सवय झालेली असते. न्हाणीघरात नेण्याआधी सगळे कपडे उतरवू नयेत. खांद्यावर मोठा टॉवेल राहू द्यावा आणि पाणी आधी पायांवर घालावे. त्यांच्या हातात तांब्या द्यावा, स्वतः चार तांबे घेतले तर उत्तमच, आणि नुसता धरून बसल्या तरी हात गुंतलेला राहतो.

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही निःशुल्क एल्डरलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते; आपल्यालाही कोणाशी बोलावेसे वाटले तर तेथे बोलता येईल. आठवड्यातून एक दुपार घराबाहेर काढण्याची व्यवस्था आपण स्वतःसाठी करावी.

प्रश्न : मी कुंभारीच्या विडी घरकुलात राहते. आधी विड्या वळत होते, आता चार वर्षे आयाचे काम करते. शेजारच्या मुलीकडून हे पत्र लिहून घेतले आहे. माझ्याकडचे आजोबा ८० किलोचे असतील. गादी जमिनीवर आहे आणि मला एकटीला उचलायला लावतात. कंबर गेली आहे. वर स्वयंपाक, भांडीही करायला लावतात. मागच्या महिन्यात इन्सुलिनची सुई टाकताना बोटाला टोचली, मी कोणाला सांगितले नाही. घरातला एक पुरुष जवळून जाताना मुद्दाम हात लावतो. काम सोडणे परवडत नाही.

उत्तर : ताई, आधी सुईचे. सुई टोचली की ती जागा लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी, दाबून रक्त काढत बसू नये, आणि शक्य तितक्या लवकर सरकारी रुग्णालय गाठावे, कारण एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. तुमची ती मुदत टळली आहे, तरीही तपासणी जरूर करून घ्या. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जाऊन घडले तसे सांगा आणि एचआयव्हीबरोबर काविळीच्या बी आणि सी प्रकारांचीही तपासणी मागा. कावीळ बी ची लस घेतली नसेल तर तिचे तीन डोस असतात, दुसरा महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी. सुईवर टोपण पुन्हा बसवू नका. झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात तशीच टाका.

त्या पुरुषाचे वागणे हा गुन्हा आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा घरात काम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. अशा तक्रारीसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. पत्र लिहून देणाऱ्या त्याच मुलीकडून तारखा आत्ताच टिपून ठेवा. महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. ब्यूरोलाही लेखी कळवा आणि दुसरे घर मागा.

जमिनीवरच्या गादीवरून ८० किलोचा माणूस एका बाईने उचलणे तुमच्याइतकेच आजोबांनाही धोक्याचे आहे, आणि घरच्यांना हेच सांगितले तर पटेल. तुमच्या कमरेविषयी सांगून पटेलच असे नाही. तुमच्या कमरेच्या उंचीची खाट त्यांनी आणावी. वर सरकवताना आजोबांच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल अशी एक आडवी चादर अंगाखाली ठेवा, दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभे राहून तिच्या कडा अंगालगत गुंडाळून घट्ट धरा, गुडघे वाकवा, आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून एकदम सरकवा. चादरीसकट सरकवल्याने त्यांची कातडी घासली जात नाही आणि तुमचा भार निम्मा होतो. दुसरा माणूस घरचाच कोणीतरी असला पाहिजे, आणि त्याच्या वेळा आधी ठरवून घ्या.

कामांची यादी ब्यूरोकडून कागदावर घ्या. आजोबांचा पेज-भात शिजवणे, त्यांचे ताट-वाटी, त्यांचे कपडे आणि त्यांची खोली ही तुमची कामे आहेत. घरच्या सगळ्यांचा स्वयंपाक आणि भांडी त्यात येत नाहीत. ती करायचीच असतील तर त्यांचा पगार वेगळा ठरवावा, आणि आजोबांची कूस बदलण्याची वेळ झाली की हातातले भांडे तसेच ठेवून उठण्याची मुभाही त्याच कागदावर लिहून घ्यावी.